काळीज जागेवर

काळ्या दगडाच्या पात्याची धार केन्नाने अंगठ्याच्या नखावर घासून पाहिली आणि तो मेलेल्याच्या डाव्या बाजूला गुडघे टेकून बसला. लेखनिकाने कुशीवर शाईची रेघ ओढून ठेवली होती. रेघेबाहेर केसभरही चिरायचं नाही आणि चिरून झालं की जिवाच्या आकांताने पळत सुटायचं, एवढाच केन्नाचा धंदा. त्याच्या बापानेही जन्मभर हेच केलं आणि शेवटी एक डोळा गमावून मेला.

तंबूच्या तोंडाशी मेलेल्या हुयचे नातलग हातात दगड घेऊन उभे होते. आपल्या माणसाच्या अंगावर जखम करणाऱ्याला दगड घालायचा, ही रीत नदीइतकी जुनी. चिरून आतडी काढल्याशिवाय देह टिकत नाही, आणि चिरणाऱ्याला मोकळं सोडलं तर मेलेल्याचा अपमान होतो. म्हणून लोक शिव्या तोंडभरून देत, दगड मात्र त्याच्या टाचांमागे टाकत. संध्याकाळी भाकरी आणि जवाच्या दारूचं मडकं गुपचूप त्याच्या दारात ठेवून जात. एखादा दगड चुकून पाठीत बसायचाच. मग त्याची बायको तुइया तेल चोळता चोळता विचारायची, आज कुणी लाडानं मारलं म्हणून. दगड वाळूत पडला की धप्प असा मऊ आवाज येतो. पळताना केन्नाचे कान त्या आवाजाकडे असत.

आज तो आवाज येईलच असं नाही, हे त्याला कालच कळलं होतं.

काल दिवस कलताना पाशेद त्याच्या दारी आला होता. हा हुयचा थोरला भाऊ, खाणीवरचा मुकादम. असली माणसं चिरणाऱ्यांच्या वस्तीकडे फिरकतसुद्धा नाहीत, आणि याच्या काखेत तर चांगलं लठ्ठ बदक होतं. तुइया हरखून गेली. पाशेदने तिला बदक मागे नेऊन कापायला सांगितलं आणि तो उंबऱ्यावर बसला. दोघे भाऊ शेताला पाणी द्यायला गेले, शेवाळावरून हुयचा पाय घसरला, तो विहिरीत पडला, असं त्याने गावभर सांगितलं होतं. केन्नालाही ते खरंच वाटलं होतं.

"पातं आत गेलं, की हात वर घाल," पाशेद म्हणाला. "काळजापर्यंत. तिथं एकदा फिरव आणि बाहेर काढ."

"काळजाला आम्ही हात लावत नाही, मुकादम. आतडी, फुप्फुसं निघतात, तीसुद्धा दुसऱ्याच्या हातानं. काळीज जागेवर राहतं."

"मला शिकवू नकोस."

मग केन्नाच्या डोक्यात उजेड पडला. मेलेल्यांचा न्याय करणाऱ्या ओसायरिस देवाच्या पुढ्यात तराजूत बसतं ते काळीज. तिथं माणूस काय बोलेल ते बोलेल, काळीज मात्र खरं सांगतं. कुणी काय केलं, कुणाच्या हाताने केलं, सगळं. ज्याचं काळीजच फाटलं, तो तिथं उभाच राहू शकत नाही. तो दुसऱ्यांदा मरतो आणि मग कायमचा. पाठच्या भावाचं असं वाटोळं कुणाला हवं असेल? ज्याला त्याच्या साक्षीची भीती वाटते, त्यालाच. केन्नाची नजर पाशेदच्या हातांवर गेली आणि त्याने ती घाईघाईने काढून घेतली. मागच्या अंगणात बदक एकदा ओरडलं आणि गप्प झालं.

"खाणीत माझी हयात गेली," पाशेद उठत म्हणाला. "दगड कसा निवडायचा, मला कळतं. उद्या माझ्याही हातात एक असेल. आणि चिरणारा दगडानं मेला तर विचारतो कोण?"

खरंच कुणी विचारत नसे. केन्नाचा चुलता असाच मेला होता, आणि दुसऱ्या दिवशी तंबूत त्याच्या जागी दुसरा माणूस बसला होता. तुइयाने बदक रांधलं. केन्नाने ते खाल्लंही, हाडं चोखून खाल्लं आणि खाता खाता ठरवून टाकलं, की पातं फिरवायचं. मेलेला तर मेलाच आहे, आपण कशाला त्याच्या मागे जायचं?

आता तंबूत कोल्ह्याचा मुखवटा घातलेल्या पुजाऱ्याने मंत्र संपवला. केन्नाने रेघेवर पातं टेकवून ओढलं. कातडी उकलली. त्याची बोटं आत गेली, गार ओल्या मांसात, मग मनगट. पाशेद सगळ्यांच्या पुढे उभा होता. त्याच्या मागे, तिसरा भाऊ इपूय याच्या दंडाला धरून, त्यांची आई तामेकेत होती. मोतीबिंदूने तिचे डोळे दुधाळ झाले होते. रीतीसाठी म्हणून कुणीतरी तिच्या मुठीत एक गोटा दिला होता.

आणखी वीतभर हात गेला असता तर केन्नाचा जीव वाचला असता. पण हात गेला नाही. यात शौर्य वगैरे काही नव्हतं. ज्या धंद्यावर सगळं गाव थुंकत होतं, त्यात अभिमान वाटावा अशी एकच गोष्ट त्याच्याजवळ होती. रेघेपुढे तो कधी गेला नव्हता. त्याने हात बाहेर काढला, पाशेदकडे एकदा पाहिलं आणि तो उठून पळाला.

पहिला दगड पाठीच्या फऱ्यावर बसला. खाणीतली धारदार कपची होती ती, मांसात रुतली. दुसऱ्याने नडगी फोडली. हाड मोडल्याचं त्याने कानांनी ऐकलं आणि तो तोंडावर आपटला. लोक रीतीप्रमाणे शिव्या देत होते. तिसऱ्या दगडाने त्याचा कान फाटला आणि रक्ताची चिळकांडी उडाली, तेव्हा शिव्या एकेक करून थांबल्या. अरे, आवर हात, माणूस आहे तो, असं इपूयने ओरडून सांगितलं. पाशेद थांबला नाही. दोन्ही हातांनी धोंडा उचलून तो केन्नाच्या डोक्याशी येऊन उभा राहिला.

इपूयच्या आधाराने म्हातारीही तिथवर आली होती. तिचे धुळीने भरलेले पाय केन्नाला दिसले.

"माय," तो रक्त थुंकत म्हणाला, "तुझ्या लेकाचं काळीज जागेवर आहे. मी नाही पातं फिरवलं."

म्हातारी थबकली.

"फिरव म्हणालं कोण?"

केन्नाने मान वळवून वर पाहिलं. त्याला उत्तर द्यावंच लागलं नाही.

"याचं काय ऐकतेस, आई," पाशेद म्हणाला. "बाजूला हो."

तो फार घाईने बोलला होता. म्हातारीने आवाजाच्या दिशेला कान केला. हुय विहिरीत पडल्याचं सांगतानाही हाच आवाज, अशाच घाईत, तिने ऐकला असावा. तिचा चेहरा हळूहळू विझत गेला. इपूयचा दंड सोडून ती चाचपडत पुढे झाली आणि तिने मुठीतला गोटा फेकला. त्याला जोर असा नव्हताच. तो पाशेदच्या छातीला लागून खाली पडला.

"आई, मी आहे. पाशेद."

"हो," म्हातारी म्हणाली.

पाशेदच्या हातातला धोंडा बाजूला गळून पडला. नातलग म्हातारीकडे पाहत राहिले, मग त्याच्याकडे. त्यांच्या हातांत अजून दगड होते. मोडका पाय ओढत केन्ना उंबराच्या झाडामागे गेला. मागे दगड सुरू झाले होते. एकही वाळूत पडत नव्हता.

संध्याकाळी तुइया त्याच्या नडगीला पट्ट्या बांधत होती. आज तिने काही विचारलं नाही. इपूय भाकरी आणि मडकं घेऊन आला, पण ठेवून निघून गेला नाही.

"उद्या चिरायला यायचंय," तो म्हणाला. "मुकादमासाठी."

"काळजाचं काय करायचं?"

"जागेवर राहू दे, आई म्हणाली. काय सांगायचं ते त्याचं तो सांगेल."

केन्नाने पायाकडे बोट दाखवलं. पळता यायचं नव्हतं.

"पळू नकोस," इपूय म्हणाला. "रीतीचा दगड मारणारी ती एकटीच आहे. म्हणाली, 'त्याला जवळ उभं राहायला सांग. मला लांबचं दिसत नाही, आणि मी पाशेदचीही आई आहे.'"