आकाशातला वळसा

रुग्णांना विमानानं हलवणाऱ्या एका छोट्या कंपनीत थोरली विमानांचे मार्ग आखायची. एका शहरातून दुसऱ्या शहराचं अंतर काढायचं, तेल किती लागेल ते बघायचं, हे तिचं रोजचं काम. त्या दुपारी धाकट्या बहिणीचा फोन आला. धाकटीचा नवरा कारखान्यात बॉयलर फुटून भाजला होता. तिकडच्या डॉक्टरांनी हात टेकले होते. भाजलेल्यांचं मोठं हॉस्पिटल होतं ते थोरलीच्या शहरात. नशिबानं कंपनीचं विमान तिकडेच उभं होतं.

"ताई, मी फोनवर अंतर काढलंय," धाकटी धापा टाकत बोलत होती. "सतराशे किलोमीटर. तुमचं विमान दोन हजार जातं, तूच म्हणाली होतीस ना? मग निघू दे की!"

थोरलीनं नकाशा उघडला. सतराशे बरोबरच होतं, पण सरळ रेषेत. मधल्या मुलखात लढाई पेटली होती, तिथलं आकाश बंद होतं. समुद्राकडून वळसा घेतला तर अंतर बावीसशेच्या वर जात होतं. तिनं रेषा इकडून ओढून पाहिली, तिकडून ओढून पाहिली. आकडा काही खाली येईना.

"वाटेत तेलासाठी उतरावं लागेल गं," ती कशीबशी म्हणाली.

मग वैमानिकाचा फोन आला. मुरलेला माणूस होता. "बंद भागाचा कोपरा कापला तर एका दमात आणतो," तो हलक्या आवाजात म्हणाला. "मेहुणा आहे तुमचा. तुम्ही म्हणा, मी निघतो."

'निघा' अगदी ओठांवर आलं होतं. पण तिथेच कुठेतरी नुकतंच एक मालवाहू विमान पाडलं होतं, आणि यात तर धाकटीही बसणार होती.

"नको," थोरली म्हणाली. "वळशानंच या."

मधल्या विमानतळावर तेलाची गाडी यायला उशीर झाला. विमान धावपट्टीच्या कडेला तापत उभं राहिलं आणि तिथेच धाकटीच्या नवऱ्यानं मान टाकली.

संध्याकाळी विमान आलं. थोरली शिडीपाशी उभी होती. धाकटी उतरली, पण रडली नाही.

"सरळ आलो असतो तर वाचले असते का हे?"

काहीतरी समजुतीचं बोलावं असं थोरलीला फार वाटलं. पण खोटं बोलायला जीभ रेटेना.

"माहीत नाही," ती म्हणाली.

सगळं आटोपल्यावर धाकटी तिच्याकडेच राहिली. दुसरं जाणार तरी कुठं? एरवी भाजीत मीठ कमी पडलं तरी घर डोक्यावर घेणारी ती, आता पुढ्यात येईल ते मुकाट गिळायची. थोरली मुद्दाम विषय काढायची, कुरापतही काढून पाहायची. धाकटी फक्त हूं म्हणायची.

पुढे तिनं नोकरी धरली, खोली घेतली. सामान पोचवायला थोरली बरोबर गेली. जिन्याखाली धाकटीनं तिच्या हातातली पिशवी घेतली.

"इथूनच जा," ती म्हणाली आणि एकटीच वर गेली.