नॉर्मलबाई

प्रयोगशाळेत तिला सगळे नॉर्मलबाई म्हणत. माहेरी-सासरी हे नाव कुणी मान्य केलं नसतं, पण इथे ते कागदोपत्री सिद्ध झालेलं होतं. नऊ वर्षांपूर्वी प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांना एका निरोगी माणसाची कातडी हवी होती, तेव्हा तिथं चाचण्या करणाऱ्या हिनंच दंड पुढे केला. मसुराच्या दाण्याएवढा तुकडा निघाला, त्यातून पेशी वाढवल्या, आणि तेव्हापासून आजारी मुलांच्या पेशींत एन्झाइम किती कमी आहे हे हिच्या पेशींशी ताडून ठरू लागलं. हिचे शंभर धरायचे. मुलांचे शून्य यायचे, दोन यायचे, कधी पाच.

"मी शंभर नंबरी सोनं आहे, समजलास?" ती नवऱ्याला सुनवायची.

"आम्ही कुठे नाही म्हटलं? फक्त कसाला लावायचं राहिलंय," तो म्हणायचा.

पण पेशीही म्हाताऱ्या होतात. हिच्या पेशी वाढेनाशा झाल्या, म्हणून दुसऱ्या प्रयोगशाळेतून नव्या निरोगी पेशी मागवल्या. स्नायू हळूहळू दुबळे करणाऱ्या एका आनुवंशिक आजाराची चाचणी होती. जुन्या आणि नव्या पेशी शेजारीशेजारी लावल्या. नव्यांचा आकडा आला दोनशे चार.

"त्यांचंच काहीतरी चुकलंय," सर म्हणाले. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं! हा नियम मोठमोठ्या पदव्यांनाही चुकत नाही. "पुन्हा लावा, नॉर्मलबाई."

तिनं पुन्हा लावली. मग आणखी दोन निरोगी माणसांच्या पेशी मिळवून तिसऱ्यांदा लावली. एकशे शहाण्णव. दोनशे नऊ. बाकी सगळ्या चाचण्यांत तिच्या पेशी चोख होत्या, या एकाच एन्झाइमला मात्र त्या अर्ध्यावर होत्या. जनुकाच्या दोन प्रतींपैकी तिची एक बिघडलेली होती. एका प्रतीवर माणूस सुखानं आयुष्य काढतो, त्याला पत्ताही लागत नाही. त्यामुळे स्वतःची भीती तिला वाटलीच नाही. धास्ती वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. मोजपट्टीच अर्धी होती, तर आजवर या चाचणीत तिनं मोजलेलं सगळं दुप्पट भरलं होतं.

तिनं या चाचणीची नोंदवही काढली. ज्यांचे दोन आणि पाच आले होते त्यांची काळजी नव्हती. दोनाचा एक झाला तरी आजार तोच. पण एका पानावर तिचं बोट थांबलं. अडतीस. तिसाच्या खाली आला तर आजार, वर आला तर माणूस निरोगी, फार तर एक प्रत बिघडलेला वाहक, अशी त्यांची रेघ होती. बारा वर्षांची मुलगी, दोन वर्षांपूर्वीची. जिने चढताना दमते, मागे पडते.

मुलगी तिला लख्ख आठवली. अहवाल समजावून सांगणं डॉक्टरांचं काम, पण आई बिचारी खिडकीशी जीव मुठीत धरून उभी होती, म्हणून हीच पुढे झाली होती. उचलली जीभ लावली टाळ्याला! "काही नाही हो, अगदी नॉर्मल आहे. माझ्यासारखी! काय गं, आता पळायचं बरं का."

आई लेकीकडे वळून म्हणाली होती, "ऐकलंस? नुसता आळस आहे अंगात."

मुलीच्या पेशी नायट्रोजनच्या टाकीत गोठवून ठेवलेल्या होत्या. तिनं त्या काढल्या, वितळवल्या, गुलाबी द्रवात सोडल्या. "मी आत्ताच फोन करते," ती म्हणाली.

"आधी खात्री, मग फोन," सर म्हणाले. "त्या बाईला दोनदा चुकीचं सांगायचं नाही."

ते खरंच होतं, आणि खरं होतं म्हणूनच सोसवत नव्हतं. पेशी काही घाईनं वाढत नाहीत. ती दर तासाला इनक्युबेटरचं दार उघडून बघायची.

"अहो, ऊब जाते आतली!" सर ओरडले. "पाळण्यातलं पोर आहे का ते, सारखं डोकवायला?"

घरी भाजीत मीठ दोनदा पडलं. नवरा निमूटपणे जेवला, यावरून त्यालाही काहीतरी कळलं असावं. रस्त्यानं जाताना, दवाखान्यात, बँकेत, कुठेही जिना दिसला की ती खाली उभी राहायची आणि कठड्याला धरून कोण चढतंय ते बघायची. दोन वर्षांत ती पोर किती जिने चढली असेल, कितीदा तिनं बोलणी खाल्ली असतील, याचा हिशेब डोक्यातून जाईना.

सतराव्या दिवशी पेशी पुरेशा झाल्या. आकडा आला एकोणीस.

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "एकाच माणसावर सगळं मोजलं, ही चूक माझी. डॉक्टरांना मी कळवतो, पत्रही मीच लिहितो."

"लिहा. फोन मात्र मी करणार. नॉर्मल मी म्हटलं होतं."

आईनं आवाज ओळखला. हिनं आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. माझ्याच पेशी अर्ध्या होत्या, म्हणून तुमच्या मुलीचा आकडा फुगला. आजार आहे. औषधही आहे, दर पंधरा दिवसांनी शिरेतून घ्यावं लागतं. गेलेली ताकद सगळी परत येईलच असं नाही, पण पुढची घसरण थोपवता येते. "चूक आमची आहे. मला माफ करा असं म्हणायचंही तोंड नाही."

मग आई कशीबशी म्हणाली, "मी तिला जिन्यात मारलंय, मॅडम. दोनदा." तिचा हुंदका फुटला. "माझ्यानं नाही सांगवत. तुम्हीच सांगा तिला."

फोन मुलीकडे गेला. ती आता चौदा वर्षांची होती. हिनं सोप्या शब्दांत पुन्हा सगळं सांगितलं आणि रडण्याची वाट बघत थांबली.

"म्हणजे मी आळशी नाही?" मुलीनं विचारलं.

"नाही गं बाळा. कधीच नव्हतीस."

"आई, ऐकलंस? मी आळशी नाही!" पोरीचा आवाज चक्क आनंदानं फुलला होता. नॉर्मलबाईनं तोंडावर हात दाबून धरला. शिव्याशाप ऐकायची तयारी करून बसलेल्या माणसाला तो आनंद ऐकवेना.

"मॅडम, हे लिहून द्याल? शाळेत दाखवायला?"

"देते."

नवीन अहवाल छापून आला. त्यात एन्झाइमचा रकाना होता, निदानाचा होता, सहीचा होता. हिला हवा होता तो रकाना नव्हता. तिनं सहीच्या खाली पेनानं लिहिलं, 'ही मुलगी आळशी नाही,' आणि कागद सरांपुढे ठेवला.

सरांनी तो दोनदा वाचला आणि त्या ओळीखालीही सही केली.