आमी काय अडाणी हाव?

नवऱ्याचं नाव बाईने घेऊ नये असं आमच्याकडची जुनी माणसं म्हणतात. मी घेणार. वामन. बोईसरजवळच्या आमच्या नवापूरच्या मच्छीमार सोसायटीतला वजनदार माणूस आणि माझा लग्नाचा नवरा.

आधी त्याचं चांगलं सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, ही जमना एकाच बाजूने बोलते. आम्हाला मूल झालं नाही. सासू होती तोवर उठता-बसता ऐकवायची. नणंद रंभाबाईही कधीमधी टोचून बोलायची. पण वामन चुकूनही मला उणा शब्द बोलला नाही. एकदा तर भरल्या ताटावरून उठला आणि आईला म्हणाला, "पुन्ना बोललीस तं ह्या घरात मी जेवणार नाय." त्या दिवसापासून मी डोळे मिटून त्याच्यावर विसंबले. बाजारात मासळी विकायची मी, पण कागदावर सही कुठे करायची ते तो सांगायचा. डॉक्टरशी बोलायचं तेही त्यानेच.

दुसरी गोष्ट त्याच्या नाकाची. मध्ये बाहेरच्या ट्रकांतून येणाऱ्या मासळीला फॉर्मेलिन लावतात अशी बोंब उठली होती. फॉर्मेलिन म्हणजे दवाखान्यात मढी टिकवायला वापरतात ते औषध. वामन बाजारात टोपल्या हुंगत फिरायचा. बोईसरला एका व्यापाऱ्याचा सुरमईचा क्रेट त्याने भर रस्त्यात पालथा केला. मग सोसायटीच्या सभेत माइक हातात घेऊन म्हणाला, "मासळी ठेवायची तं बर्फात. बाकी सगळं विष." लोकांनी टाळ्या पिटल्या. त्यात माझ्याही होत्या. त्यानंतर जो तो त्याला विचारायला यायचा आणि हा छाती फुगवून सल्ले द्यायचा. मला त्याचं कौतुक वाटायचं, खोटं का बोलू?

गाठ मला वलांडीवर, म्हणजे मासळी सुकवायच्या बांबूच्या मांडवावर, बोंबील टांगताना लागली. बांबूच्या वरच्या काठीला हात पुरवायचा तर अंग ताणावं लागतं. पदर सरकला म्हणून सावरायला गेले तर डाव्या छातीत काहीतरी कडक. दुखत नव्हतं, म्हणून मी काही दिवस गप्प राहिले. दुखत नाही त्याचं काय कौतुक करायचं, असं वाटलं. मग काखेतही लागलं तेव्हा वामनला सांगितलं. त्याने दुसऱ्याच दिवशी पालघरला नेलं. सुई घालून तपासलं, कॅन्सर निघाला. सर्जन म्हणाला, छाती काढावी लागेल, काखेतल्या गाठीही काढू.

ऑपरेशन झालं. मी गुंगीत असताना सर्जनने काढलेला भाग एका मोठ्या बरणीत घालून वामनच्या हातात दिला. काखेतल्या गाठी वेगळ्या, छोट्या बाटलीत. हे सगळं मुंबईच्या लॅबला जायचं, तिथून त्या गाठीची जात कळायची. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती, लॅबचं पालघरचं सेंटर बंद. परवा पोचवा, असं सर्जनने सांगितलं. वामनने पोचवलं. तेव्हा मला एवढंच ठाऊक होतं.

रिपोर्ट आल्यावर आम्ही बोईसरला डॉक्टर हेतलबेनकडे गेलो. त्या कॅन्सरच्या डॉक्टर, मुंबईहून आठवड्यातून एकदा यायच्या. बाई बारीक अंगाची, पण बोलणं स्वच्छ. इतर डॉक्टर नवऱ्याकडे बघून बोलतात, ही माझ्याकडे बघून बोलली.

"जमनाताई, या गाठीच्या पेशींवर तीन खुणा बघतात, त्यातल्या दोन हार्मोनच्या. बाईच्या अंगात जे हार्मोन असतं त्यावर ही गाठ जगते की नाही, ते त्या खुणांवरून कळतं. खुणा असल्या तर रोज एक गोळी देऊन तिचा घास तोडता येतो. वर्षानुवर्षं गोळी घ्यायची, रोग परत यायची भीती पुष्कळ कमी होते."

"मग द्या की गोळी," मी म्हटलं.

"तुमच्या रिपोर्टमध्ये तिन्ही खुणा नाहीत असं आलंय. म्हणजे गोळीचा उपयोग नाही. सलाइनमधून केमो द्यायची, मग रेडिएशनचा शेक. त्यानंतर फक्त लक्ष ठेवायचं." त्या पुन्हा कागदाकडे बघायला लागल्या. कपाळाला आठी. "पण ही गाठ सावकाश वाढणारी दिसते. अशा गाठीला बहुतेक वेळा खुणा असतात. आणि लॅबने लिहिलंय की तुकडा नीट टिकलेला नव्हता." मग त्यांनी वामनला विचारलं, "काका, बरणी तुम्हीच नेली ना? उघडली होती? आतलं औषध सांडलं? बर्फात ठेवली, असं काही? खरं सांगा, मी रागावणार नाही. तसं झालं असेल तर या रिपोर्टवर मी विश्वास ठेवणार नाही, दुसरी काहीतरी वाट काढीन."

वामन हसला. खरंच हसला.

"छे वो बाई. आमी काय अडाणी हाव? जशी दिली तशीच नेली."

"नक्की?"

"नक्की."

मग बाई म्हणाल्या, ठीक आहे, रिपोर्ट धरून चालू. आणि मला केमो सुरू झाली.

केमोचं काय सांगू? केस गेले, भुवया गेल्या, तोंडाला चव राहिली नाही. आयुष्यभर मासळीत वावरलेली बाई मी, मला मासळीच्या वासाने ओकारी यायला लागली. वामनने घरात मासळी आणणं बंद केलं. भात करून भरवायचा. डोक्यावरून हात फिरवायचा. शेजारणी म्हणायच्या, नवरा असावा तर असा. मी पण म्हणायचे. रात्री मात्र मनात एकच यायचं, आपल्या वाटची गोळीसुद्धा देवाने ठेवली नाही. कुणाकुणाच्या गाठीला खुणा असतात, माझ्याच गाठीला नाहीत. मी देवाला शिव्या घातल्या. बिचारा देव.

शेक संपून अंगात थोडं बळ आलं तेव्हा मी पुन्हा उभी राहिले. डावा हात वर जात नव्हता, वलांडीचं काम जमेना. म्हटलं, थोडी ओली मासळी घेऊन बोईसरच्या बाजारात बसू. माझी थर्माकोलची पेटी फुटली होती, म्हणून रंभाबाईकडे गेले.

"वन्सं, तुमची मोठी पेटी द्या ना, सांजला परत देईन."

"ती कुठली आता? ती मी खाडीत टाकली."

"का? चांगली नवी पेटी व्हती."

"आता तिच्यात मासळी कशी ठेवू गं? तुझं ते ठेवलं व्हतं ना तिच्यात, दोन रात्री. बर्फ घालून. मला शिसारीच—"

ती थांबली. माझ्या तोंडाकडे बघून तिला कळलं की मला माहीत नाही.

"काय ठेवलं व्हतं?"

"काय नाय. जा तू."

मी तिच्या दारातच बसले. उठणार नाही म्हटलं, लोक गोळा झाले तरी चालतील. मग ती बोलली. वामनने बरणीचं झाकण उघडून वास घेतला म्हणे. हेच ते, मासळीला लावतात ते विष, असं म्हणून त्याने सगळं औषध गटारात ओतलं. माझ्या बायकोचं मांस ह्या घाणीत नाय ठेवणार, ताजं राहिलं तं तपास बरोबर येईल, असं म्हणाला. स्वच्छ पाण्याने धुतलं, पिशवीत घातलं आणि बर्फात ठेवलं. नेताना पुन्हा बरणीत टाकलं. सेंटरवरच्या पोराने न विचारता आपल्याकडचं औषध ओतून घेतलं.

"तुमाला केव्हापासून माहीत?"

"तेव्हाच. पेटी माझी ना? पण डाक्टरने विचारलं ते मला मागून कळलं. वामनने आईची शपथ घातली गं, कोणाला बोलू नको म्हणून."

"आणखी कोणाला माहीत?"

तिने मागे घरात बघितलं. म्हणजे तिच्या घरात सगळ्यांना. माझ्या अंगाचा तुकडा कुठे होता हे आख्ख्या घराला माहीत होतं, आणि मी त्यांच्याच ओटीवर बसून माझ्या नशिबाला रडत होते.

वामन होडीच्या सावलीत जाळं विणत बसला होता. मी समोर जाऊन उभी राहिले.

"बर्फात ठेवलंस?"

त्याच्या हातातली सुई थांबली. नाही म्हणाला असता तर मी त्याला मारलंच असतं. पण तो नाही म्हणाला नाही.

"तुझ्या भल्यासाठीच केलं, जमने. मला काय ठाव ते औषध कामाचं असतं?"

"ते नव्हतं ठाव, ते मी समजू शकते. मीपण बर्फातच ठेवलं असतं. पण बाईने विचारलं तेव्हा?"

त्याने सुई पुन्हा जाळ्यात घातली.

"बोल ना. बाईने बर्फाचं नाव घेऊन विचारलं. रागावणार नाय म्हणाली. दुसरी वाट हाय म्हणाली. मी शेजारी बसलेली. तेव्हा का नाय बोललास?"

"बाहेर बाकावर आपल्या गावचे लोक बसले व्हते," तो म्हणाला. "दार उघडं व्हतं. उद्या सगळीकडे झालं असतं, की फॉर्मेलिनवाल्या वामनने बायकोचंच... सोसायटीत कोणी तोंड उघडू दिलं असतं मला?"

एवढंच होतं. मी वाट बघत होते की आणखी काही सांगेल. काहीतरी मोठं, ज्यासाठी माणूस बायकोचा जीव पणाला लावेल. पण नव्हतंच काही. लोक हसतील म्हणून. ज्याने माझ्यासाठी आईसमोर ताट सरकवलं, तोच माणूस, चार लोक हसतील म्हणून. मला ओक्साबोक्शी रडू आलं आणि त्या रडण्याचाही राग आला. कॅन्सर झाला तेव्हा मी एवढी रडले नव्हते.

पुढच्या खेपेला मी एकटी जायला निघाले. वामन मागून आला, बसमध्ये दोन सीट सोडून बसला. मी नको म्हटलं नाही, ये म्हटलं नाही. हेतलबेनना मी सगळं सांगितलं. बाई रागावल्या नाहीत, त्यांनी जुना रिपोर्ट काढून पुन्हा वाचला.

मग विचारलं, "काखेतल्या गाठींची बाटली? तीसुद्धा उघडली होती?"

"ती उघडली नव्हती," दाराजवळून वामन म्हणाला. "ती खिशातच राहिली."

बाईंनी तिथूनच लॅबला फोन लावला. काखेत पसरलेला रोग त्याच गाठीचा असतो, त्यावरूनही खुणा तपासता येतात. त्या बाटलीतला तुकडा लॅबमध्ये जपून ठेवलेला होता. महिन्यांमागे महिने तो तिथे तसाच पडून होता, कोणी एक खरं वाक्य बोलायची वाट बघत.

रिपोर्ट यायला काही दिवस गेले. त्या दिवसांत मी वामनशी बोलले नाही. तो भात करायचा, मी माझा वेगळा करायचे.

"खुणा आहेत," हेतलबेन म्हणाल्या. "दोन्ही हार्मोनच्या, चांगल्या ठळक. गोळी लागू पडेल. केमो तुम्हाला काखेतल्या गाठींमुळे तशीही लागलीच असती, ती वाया गेली नाही. आणि गोळी केमोनंतरच सुरू करतात, त्यामुळे उशीरही फार नाही. पण ताई, तुम्ही आला नसता तर मी तुम्हाला ही गोळी कधीच दिली नसती."

"आणि रोग परत आला असता?"

"येण्याची शक्यता बरीच वाढली असती."

मागे वामनने मोठा श्वास सोडला. "देव पावला," म्हणाला. जणू होडी खडकावरून सुखरूप सुटली. पुढे सरकून माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसला, बाईंकडे बघून हसलासुद्धा. त्याच्या लेखी सगळं मिटलं होतं.

बाईंनी गोळी लिहायला घेतली. वामन पुढे सरकलेला, म्हणून या वेळी त्यांनीही त्यालाच विचारलं. "काका, पाळी कधी बंद झाली यांची? हाडं दुखतात का? आधी कधी पायात रक्ताची गाठ वगैरे?"

वामन खाकरला आणि सांगायला तोंड उघडलं.

"बाई," मी म्हटलं, "त्याला नका विचारू. आंग माझं हाय. मला विचारा."

वामनचं तोंड उघडंच राहिलं. बाईंनी त्याच्याकडे एकदा बघितलं, मग खुर्ची माझ्याकडे वळवली आणि पहिला प्रश्न पुन्हा विचारला. मी उत्तर दिलं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देत असताना तो उठून बाहेर गेला. बाकावर आमच्या गावची माणसं बसली होती. दार मी उघडंच राहू दिलं.