आईंचे नवे बूट

ऑकलंडच्या विमानतळावर बुटांना माती लागलेली चालत नाही. न्यूझीलंडमध्ये दहा वर्षं काढली, तरी मी मेली विसरले! आठ दिवस जॉर्डन हिंडून, सतरा तास विमानात बसून जीव मेटाकुटीला आलेला, आणि तिथल्या बाईनं आमचे बूट धुवायला नेले. माझे, नवऱ्याचे म्हणजे रवींद्रचे, आणि आमच्या छोट्या आरवचे. पेट्राची लाल वाळू शिवणीशिवणीत बसली होती. सासूबाईंचे, खास पेट्रासाठी घेतलेले बूट मात्र तिनं उलटसुलट करून लगेच परत दिले. स्वीट ॲज, म्हणजे अगदी झकास, म्हणाली.

मी ते आईंच्या पायांशी ठेवले.

ही ट्रिप मुळात आईंसाठी. साताऱ्याच्या शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवला त्यांनी. पेट्राच्या फोटोचं कात्रण पर्समध्ये, घड्या पडून पार चिंधी झालेलं. डोंगरात कोरलेलं ते शहर एकदा डोळ्यांनी बघायचं, एवढंच मागणं. आणि फाटकाशी मी काय केलं? ऊन मी म्हणत होतं, आत नेणाऱ्या गाडीला तासाभराची रांग, आरवची किरकिर. म्हटलं, आई, तुमचे गुडघे दुखतील, तुम्ही आपल्या सावलीत बॅगांपाशी बसा, आम्ही पटकन येतो. पटकन कसलं, चार तास लागले. गुडघे निमित्ताला होते. रांगेचा कंटाळा मला आला होता.

परत आलो तर आई बॅगांवर हात ठेवून तशाच बसलेल्या. दमलात का रे, एवढंच विचारलं त्यांनी.

ऑकलंडहून पुढचं विमान धरून जॉन्सनव्हिलला घरी पोचून मी सोफ्यावर आडवी होतेय, तोच त्यांच्या बहिणीचा, मंदामावशींचा साताऱ्याहून फोन. आई खिडकीशी बसून सांगत होत्या. दोन्हीकडे उंच कडे, मधून चिंचोळी वाट, आणि वळण संपताच समोर एकदम ते गुलाबी खांब. मृदुलानं हाताला धरून नेलं मला, म्हणाल्या. मृदुला म्हणजे मी.

फोन ठेवल्यावर मी उठून त्यांच्याजवळ गेले. "आई, असं का सांगितलंत?"

"मंदा गावभर करते गं," त्या म्हणाल्या. "आणि तुला नावं ठेवून मला पेट्रा दिसणार होतं का?"

पुढच्या वर्षी परत जाऊ, असं म्हणायला मी तोंड उघडलं. आईंनी बूट खोक्यात घातले आणि खोकं माझ्याकडे सरकवलं.

"हे तूच वापर आता. आपला नंबर एकच आहे, आणि नवेच आहेत."