कल्लप्पाची खाजकुइली

दुष्काळ सरल्यानंतरची ती सोलापुरातली पहिलीच गड्ड्याची जत्रा. भवानी पेठेतल्या कल्लप्पानं बारा वर्षं ग्रामदैवत सिद्धरामाचा नंदीध्वज पेलला होता. ती उंच, जड काठी कमरेच्या पट्ट्यात रोवायची आणि तसूभर हलू न देता चालायचं. पण इतकं पेलूनही अंगावर साधा ओरखडा नाही, मग कौतुक कोण करणार?

आणि हा धाकटा भाऊ शिवयोगी! यंदा पहिल्यांदाच सरावाला उतरला आणि शंभर पावलांत छातीवर, दंडांवर लालभडक, खाजऱ्या गांधी उठल्या. तासाभरात सगळं गायब. पुन्हा काठी उचलली की पुन्हा गांधी. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, गुण आला नाही. काठी कुणी धरायची ते ठरवणारे धोंडप्पाअज्जा मात्र हात जोडून म्हणाले, "सिद्धरामाचा हात फिरलाय ह्याच्या अंगावर." झालं! बायका त्याच्या पाया पडू लागल्या. जत्रेत काठी त्यालाच मिळणार, असं जो तो बोलू लागला.

कल्लप्पाला ते बघवेना. स्वतःची बायकोच दिरासाठी खोबरेल तापवताना दिसली, तेव्हा तर त्याचं डोकंच फिरलं. दुसऱ्या दिवशी त्यानं शेताच्या बांधावरून खाजकुइलीच्या शेंगा आणल्या आणि सरावाला निघताना छातीवर चोळल्या. आपल्यालाही उठू दे की!

उठलं, आणि असं उठलं की काठी उचलताच अंगाची लाहीलाही झाली. दोन्ही हात काठीला, खाजवणार कशानं? काठी डुलली, माणसं ओरडली. शिवयोगी धावला, काठी आपल्या पट्ट्यात घेतली आणि अंगभर गांधी उठत असताना देवळापर्यंत सरळ नेली.

घरी तो भावाच्या छातीला तूप लावत बसला.

"अण्णा, माझंच दुखणं तुमाला लागलं की. आज सकाळीच अज्जांना सांगून आलतो, मला लई तरास होतोय, काठी अण्णालाच द्या. व्हय म्हणले होते. आता म्हणत्यात, तुझ्या अंगावर उठलं तरी काठी हलत न्हाय, अण्णाची हलली. तूच धर."

खरं सांगावं तर पेठेत तोंड दाखवायची सोय नाही. न सांगावं तर काठी गेलीच. कल्लप्पा भिंतीकडे वळला.

"पुरे तूप," तो म्हणाला आणि छाती खाजवत राहिला.