खचती बाजू

रविवारी दुपारी जेवताना सामंतांच्या घरातली जमीन तडकली आणि उपेंद्र ताटासकट वीतभर खाली गेला. मृदुला होती तिथेच राहिली. टेबलाचे दोन तुकडे झाले. आमटीचं पातेलं तिच्याकडे उरलं, भात नवऱ्याकडे गेला.

"आमटी दे," तो हात वर करून म्हणाला.

तिनं वाढली. ती भूगर्भतज्ज्ञ होती. गोदावरीच्या मुखाशी जमिनीखाली तेल कुठे सापडेल, हे कंपनीला सांगायचं तिचं काम. जमिनीतली अशी भेग, म्हणजे भ्रंश, एकदा सरकू लागला की सरकतच राहतो आणि खचत्या बाजूला वाळू भरते, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

वाळू आलीच. दाराच्या फटीतून, नदीची, बारीक, ओलसर. मृदुलाच्या पावलांवरून ती न थांबता पुढे गेली आणि उपेंद्रच्या बाजूला साचत राहिली. चहाच्या वेळेपर्यंत जमीन पुन्हा सपाट झाली होती. उपेंद्रच्या पोटऱ्या दिसत नव्हत्या.

"इकडे ये ना. तू खचतोयस."

"मी आहे तिथेच आहे," तो शांतपणे म्हणाला. "तूच वर चालली आहेस."

तिनं दाराला ओली चादर लावली, तर वाळू खिडकीतून आली. तिनं पातेल्यानं वाळू उपसली, तर उपसलेली तिच्या पायांखालून वाहत पुन्हा त्याच्याकडे गेली. साचेल तितकी ती जड होई आणि त्या भारानं तो आणखी खचे. मंगळवारी वाळू त्याच्या छातीला लागली. जसजसा तो खाली जाई तसतसा तिच्या दिशेनं कलत होता. त्याचं कपाट, त्याची खुर्चीसुद्धा. त्याच्या सदऱ्याला घासलेटचा वास येऊ लागला.

शेवटी तिनं आपल्या साहेबांना, वाघुळद्यांना, मदतीला बोलावलं. ते माणसं आणि लोखंडी पाइप घेऊन आले. त्यांनी वाकून दोन्हीकडची वाळू पाहिली.

"तुमच्याकडे बोटभर, यांच्याकडे पुरुषभर. आणि थर तुमच्याकडे कललेले. तेल यांच्याच बाजूला साठणार, मॅडम."

"तिथे माणूस आहे, साहेब."

"नमस्कार," उपेंद्र म्हणाला. वाळू त्याच्या हनुवटीला टेकली होती.

"नमस्कार. जेवण झालं?" वाघुळद्यांनी विचारलं, आणि माणसांना छपराचे पत्रे काढायला सांगितलं.

यंत्र घरात उभं राहिलं. भोक कुठे पाडायचं याची खूण मृदुलाच करायची, नेहमीसारखी. तिनं आपल्याच पायाशी वाळू सारून खडूनं फुली मारली.

वाघुळद्यांनी तिथल्या फरशीवर बोटानं टकटक केलं. "इथं कोरडं आहे हो. तुम्हाला कळत नाही असं कसं म्हणू?" त्यांनी बुटानं फुली पुसली आणि जिथे आत्तापर्यंत उपेंद्रचे केस दिसत होते तिथे काठीनं नवी काढली.

मृदुला तड्याशी पालथी झोपली. तिनं खांद्यापर्यंत हात वाळूत घातला. आत कोमट होतं, बुळबुळीत होतं. मग कुणीतरी तिची बोटं धरली.

"सोडू नकोस," ती वाळूत तोंड घालून म्हणाली.

"तूच सोडू नकोस," खालून आवाज आला.

"मॅडम, हात काढा," वाघुळदे म्हणाले.

पकड आणखी घट्ट झाली. तो तिला खाली ओढतोय की ती त्याला वर, हे जमिनीनं अजून ठरवलं नव्हतं. तिच्या डोक्यावर यंत्र फिरू लागलं.