बी शिफ्टचे चेहरे

कपाटाची किल्ली तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सापडली. दिनकररावांच्या चष्म्याच्या डबीत, चष्म्याखाली. घरभर शोधून झालं होतं. माणूस किल्ली चष्म्यासोबत दवाखान्यात घेऊन गेला असेल, हे कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

"बघ," अनिश म्हणाला, "जातानासुद्धा कपाट तुझ्या हाती लागू दिलं नाही, ताई."

तो गमतीने म्हणाला. शर्वरी हसली नाही, पण रागावलीही नाही. धाकटा भाऊ ऑकलंडहून तीन वर्षांनी आला होता, आणि या घरातल्या जुन्या थट्टा त्याला अजून थट्टाच वाटत होत्या.

शहराच्या समा भागातल्या त्या घरात शिरलं की पहिलं ते काचेचं कपाटच दिसायचं. देव आत, पलटण बाहेर, असं आई असताना म्हणायची. काचेआड बासष्ट सैनिक उभे होते. प्लास्टिकचे, अंगठ्याएवढे. कुठल्याशा भविष्यात, ताऱ्याताऱ्यांमध्ये चाललेल्या लढाईचे शिपाई: जाडजूड चिलखत, पाठीवर नळ्या, स्वतःपेक्षा लांब बंदुका. हा खेळ मूळचा अनिशचा. कॉलेजात असताना तो आणि त्याचे मित्र टेबलावर डोंगर-खंदक मांडून, टेपने अंतर मोजून, फासे टाकून लढायचे. तो परदेशी गेला आणि अर्धवट डबे मागे राहिले. दोघांचे वडील, दिनकरराव, तेव्हा रिफायनरीतून नुकतेच निवृत्त झाले होते. चौतीस वर्षं प्रेशर गेजं उघडून पुन्हा बसवलेला माणूस. रिकामे हात त्यांना खायला उठायचे. त्यांनी एक डबा उघडला आणि मग बारा वर्षं मिटलाच नाही.

डब्यातून शिपाई सुट्या भागांत येतो. हात, पाय, धड, डोकं, सगळं एका राखाडी फ्रेमला लगडलेलं. कापायचं आणि चित्राबरहुकूम जोडायचं. दिनकररावांनी चित्राबरहुकूम एकही जोडला नाही. "कंपनी पाठवते तो कच्चा माल," ते म्हणायचे. "मॉडिफिकेशन केल्याशिवाय वस्तू आपली होत नाही." एकाचा हात दुसऱ्याला, तिसऱ्याचा पाय गुडघ्यात कापून वाकवलेला, सांध्यात सुईएवढं भोक, त्यात तांब्याच्या तारेची खुंटी, वरून मळलेली हिरवी पुट्टी. पाठीवर प्लास्टिकच्या नळ्यांच्या जागी खऱ्या गेजमधल्या पितळी नळ्या. आणि तोंड झाकणारं हेल्मेट तर प्रत्येकाचं उडवलेलं. त्या जागी उघडं डोकं, तेही कोणाचं तरी. सोळंकीच्या मिशा, परमारचं बसकं नाक, थॉमसचं टक्कल. त्यांची अख्खी बी शिफ्ट त्या कपाटात ड्यूटीवर होती.

कारेलीबागेत एका ट्यूशन क्लासच्या वरच्या खोलीत दर रविवारी क्लब भरायचा. तिथे फौजेपुढे कार्ड ठेवायची पद्धत होती. कार्डावर घडवणाऱ्याचं नाव वेगळं, रंगवणाऱ्याचं वेगळं. दोन्ही ठिकाणी एकच नाव असलं, की ती फौज खरी. दुसऱ्याकडून रंगवून आणलेल्या फौजेला दिनकरराव भाड्याने आणलेला नवरदेव म्हणायचे, मालकाच्या तोंडावर.

मग त्यांना कंपवात झाला.

वासी उत्तरायणचा, म्हणजे संक्रांतीनंतरचा दिवस होता, दोन वर्षांपूर्वीचा. सोसायटीच्या गच्च्यांवर पतंगांचा गलका, आणि गॅलरीतल्या टेबलाशी दिनकरराव एका शिपायाच्या डोळ्यात बुबुळ बसवत होते. ब्रश गालावरून कानापर्यंत गेला. त्यांनी पुसलं, पुन्हा धरला. पुन्हा गेला. मग ते आत जाऊन झोपले. शर्वरी शाळेत अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवायची. सुट्टी म्हणून घरी होती. शिपाई नेहमीसारखा औषधाच्या रिकाम्या बाटलीवर चिकटवलेला होता, धरायला सोपा जावा म्हणून. दहा वर्षं ती हे काम दारातून पाहत आली होती. तिने तो चेहरा पुसला, खुर्ची ओढली आणि श्वास धरून दोन बुबुळं बसवली. मग पापणीखाली तपकिरी रंगाची एक रेघ, केसाएवढी. त्या रेघेने परमार एकदम जागा झाला.

साडेचारला दिनकरराव उठले. चष्मा लावला. बाटली उजेडात फिरवून बराच वेळ पाहिली. शर्वरी कप घेऊन शेजारी उभी होती.

"चहा गार आहे," ते म्हणाले.

पण पुढच्या आठवड्यात टेबलावर आणखी एक शिपाई उभा होता, चेहरा सोडून सगळा पुरा, आणि शेजारी सगळ्यात बारीक ब्रश धुऊन ठेवलेला. त्यावर दोघं कधी बोलले नाहीत. ते दुपारी झोपायचे, ती रंगवायची, ते उठून पाहायचे. दोन वर्षांत अकरा चेहरे झाले.

रविवारी कधी कधी क्लबातला समरजित घरी यायचा. कारेलीबागेत त्याचा दातांचा दवाखाना होता. झिजलेली हत्यारं तो दिनकररावांना पुट्टी कोरायला आणून द्यायचा.

"काका, आ तो गजब छे," तो भिंग लावून म्हणायचा. "पापणीखाली ओल दिसते राव. या हातांनी? कसं करता?"

"हात हलतो, नजर हलत नाही," दिनकरराव म्हणायचे.

शर्वरी लीलो चेवडो घेऊन आलेली असायची. बशी टेबलाच्या कडेला टेकवायच्या आत ते म्हणायचे, "लांब ठेव, बाई. तुझ्या हाताचा भरवसा नाही." मग समरजितकडे वळून, "शाळेत वर्षाला दोन थर्मामीटर फोडते ही. प्रिन्सिपॉलनी मला विचारलं, घरी पण असंच का? म्हटलं, घरी आम्ही स्टीलचीच भांडी ठेवतो."

समरजित हसायचा. पाहुण्याने हसायचंच असतं. शर्वरी बशी लांब ठेवायची आणि आत जाऊन ओट्याशी उभी राहायची. तिला कार्डावर नाव नको होतं. सगळ्यांसमोर कबुली तर नकोच होती. एखाद्या दुपारी, कोणी नसताना, बाटली उजेडात फिरवून झाल्यावर त्यांनी "बरं झालंय" म्हणावं, एवढंच हवं होतं. एकदा. ती त्या एका शब्दाची वाट पाहत होती, आणि तिला वाटायचं, त्यांना ते नक्की ठाऊक आहे.

शेवटचा शिपाई कॅप्टन होता. शिफ्ट इन-चार्ज. दिनकररावांनी त्याला डावा कान कोरला तो अर्धवट, भाजलेला, स्वतःच्या कानासारखा. फेब्रुवारी होता. त्यांना तेव्हा सकाळचं संध्याकाळी आठवेनासं झालं होतं, पण एवढं मात्र ते रोज म्हणायचे: "याला मी रंगवणार. याला कोणी हात लावायचा नाही."

शर्वरीला दिसत होतं काय होणार. सहा महिन्यांचं काम एका झटक्यात गालभर सांडणार. एका सकाळी तिने बारीक ब्रश उचलून पर्समध्ये टाकला.

संध्याकाळी ते खण उपसत होते. "माझा ब्रश कुठंय?"

"असेल तिथेच."

त्यांनी सगळे खण पालथे केले. मग गुडघ्यांवर बसून टेबलाखाली हात फिरवला. हात फरशीवर ताशा वाजवल्यासारखा वाजत होता. शर्वरी दारात कप पुसत उभी होती. कप केव्हाच कोरडा झाला होता.

"या वयात वस्तू हरवतातच, बाबा," ती म्हणाली.

त्यांनी खालूनच तिच्याकडे पाहिलं. बरोबर तिच्यामागे खुंटीला लावलेल्या पर्सकडे, असं तिला नंतर वाटत राहिलं. पुढच्या महिन्यात त्यांना दवाखान्यात हलवलं, आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ते गेले. ब्रश अजून पर्समध्येच होता.

आता क्लबाने रविवारी दिनकररावांच्या नावाने लढाई ठेवली होती, अख्खी बी शिफ्ट मांडून. समरजित फोमचे खोके घेऊन आला होता. अनिशने कपाट उघडलं आणि दोघं एकेक शिपाई उचलायला लागले. शर्वरी चहा टाकायला आत गेली.

"शेवटचे ठेवूया सगळ्यात पुढे," समरजितचा आवाज आला. "चेहरे बघ, अनिशभाई. माणूस थरथरत होता आणि काम वर वर चढत गेलं."

"तारखा बघून लावू," अनिश म्हणाला. "खाली टॅग असेल. बाबा टॅगशिवाय जेवायचे पण नाहीत."

रिफायनरीत तपासलेल्या प्रत्येक गेजला टॅग लागतो. तारीख, ज्याने काम केलं त्याच्या नावाचं पहिलं अक्षर, आणि पास की फेल. दिनकररावांनी ती सवय घरी आणली होती. चेहरा पुरा झाला, की ते शिपायाला बाटलीवरून काढून गोल चकतीवर कायमचा चिकटवायचे, चकतीच्या पोटाला टॅग लावायचे आणि कपाट बंद करायचे. शर्वरीच्या हातात शिपाई असायचा तो बाटलीवर असेपर्यंत. त्यांची चकती तिने कधी उलटून पाहिली नव्हती.

ती ट्रे घेऊन बाहेर आली तेव्हा दोघं चकत्या उलटून बघत होते. टेबलावर परमार आडवा पडला होता, पोट वर करून. शेजारी थॉमस. शेजारी आणखी काही.

"ताई," अनिश म्हणाला, "द म्हणजे दिनकर. हे श म्हणजे?"

तिने ट्रे ठेवला. "मी."

तिने परमार उचलला. वासी उत्तरायणची तारीख. खाली *श*. खाली, गिचमिड पण ओळखू येणाऱ्या अक्षरात, *फेल*. तिने थॉमस उचलला. *श, फेल*. मग बाकीचे, एकामागून एक, शांतपणे, जसे ती पेपर तपासायची. अकराच्या अकरा.

"रंग तुमचा होता?" समरजितने विचारलं. "हे सगळे?"

"चेहरे फक्त."

"आणि मी दोन वर्षं काकांना..."

अनिश हसला. करण्यासारखं दुसरं काही न सुचल्यामुळे माणूस हसतो तसा. "बाबा म्हणजे बाबा. मला फोनवर सांगायचे, ताईचं काम कच्चं आहे, चालवून घेतो. मला वाटलं स्वयंपाकाचं बोलतायत."

शर्वरीला एक गोष्ट आठवली, त्यांनीच लहानपणी सांगितलेली. फेल गेज लाइनवर कधी चढत नाही. चढवणाऱ्याची नोकरी जाते. त्यांनी अकरा चढवले होते. काचेमागे, सगळ्यांत पुढच्या रांगेत. आणि त्यांची वाहवा घेतली होती, तिच्या देखत, चेवड्याची बशी लांब ठेवायला लावून.

"हा बघ. हा पास आहे," अनिश एकदम म्हणाला.

त्याच्या हातात कॅप्टन होता. तो मागच्या रांगेत सोळंकीच्या आड उभा होता; बिनचेहऱ्याचाच आत गेला असेल असं शर्वरी धरून चालली होती. पण त्याला चेहरा होता. एक डोळा भिवईच्या वर सरकलेला, दुसरा म्हणजे नुसता काळा ठिपका, काडीचं टोक टेकवल्यासारखा. ओठांचा रंग हनुवटीवर उतरलेला.

"श, पास," अनिशने वाचलं. त्याच्या आवाजात सुटका झाल्यासारखं काहीतरी होतं. "एक तरी पास केला ना तुझा. आणि तोही स्वतःचा चेहरा. बघ, होतं त्यांच्या मनात. बोलले नाहीत एवढंच."

शर्वरीने कॅप्टन हातात घेतला. अकरा मार्च. त्या दुपारी बारावीचा बोर्डाचा पेपर होता आणि ती कारेलीबागेतल्या एका शाळेत सुपरव्हिजनला होती, संध्याकाळी सातपर्यंत. ब्रश पर्समध्ये, पर्स टेबलावर, समोर चाळीस मुलं. घरी ते एकटे होते. ब्रश नाही म्हणून त्यांनी दात कोरायची काडी घेऊन झोपण्याआधी स्वतःच चेहरा रंगवला असणार. आणि साडेचारला झोपून उठल्यावर, सकाळचं आठवत नसलेल्या माणसाने, चष्मा लावून बाटली उजेडात फिरवली असणार. चेहरा झालेला आहे. म्हणजे शर्वरीने केला. आणि हा मात्र नीट केलाय.

त्यांना तो चेहरा ओळखीचा वाटला होता. हात ओळखीचा वाटला होता. एवढंच होतं ते.

"कार्डाचं काय करायचं?" समरजित हळूच म्हणाला. "नियमाने अकरांचा रंग ताईंच्या नावावर लागतो."

"फेल टॅग असलेले?" अनिश म्हणाला. "बाबांच्या नावाने लढाई आहे, तिथे हे कशाला? ताई, दोन वर्षं तूच गप्प राहिलीस ना. मग अकरांचं राहू दे त्यांच्या नावावर. हा एक तुझा लिहू. त्यांनी दिलेला आहे तुला. काय?"

खरं सांगायला एक वाक्य पुरे होतं. मग कॅप्टन दिनकररावांचा झाला असता, त्यांनी रंगवलेला शेवटचा चेहरा, स्वतःचा, काडीने, कोणाच्याही मदतीशिवाय. आणि तिच्या वाट्याला अकरा फेल राहिले असते.

"लिही," शर्वरी म्हणाली.

समरजितने खिशातून पेन काढलं. कार्डावर सुवाच्य अक्षरात लिहिलं: *घडण, दिनकरराव. रंग, दिनकरराव.* आणि खाली, थोडी जागा सोडून: *कॅप्टनचा रंग, शर्वरी.* मग त्याने कॅप्टन भिंगाखाली धरला. दाताच्या डॉक्टरची नजर. सरकलेल्या डोळ्यावर ती अडलीच.

"ताई, वाईट वाटून घेऊ नका, पण बाकीच्यांसारखा नाही हा. घाईत केला का?"

"नाही," ती म्हणाली. तिने चहाचा कप त्याच्यापुढे सरकवला, टेबलाच्या अगदी आत, शिपायांना लागून. "हात हलला माझा."